दशमीचा रविवार

माझे व्याही गवंडी होते. जर्मनीतल्या या लुडविग्सहाफेनची कितीतरी घरं लढाईत पडली, त्यातली बरीच त्यांच्या हातांनी पुन्हा उभी राहिली. नाव आल्फोन्स. मी त्यांना व्याही म्हणे, ते मला फ्राऊ सरला, म्हणजे सरलाबाई. मधे भाषांतराला गेर्डा, म्हणजे त्यांची लेक आणि माझी सून. माझ्या दिनकरने इथे रसायनात डॉक्टरकी केली आणि हिच्याशी लग्न केलं. मालक वारल्यावर मी यांच्याकडे आले. चौथी शिकलेली बाई, पण घरात शब्द माझा चाले. तो मी चालवून घेतला.

व्याह्यांच्या चुलीमागे एक वीट सैल होती. तिच्यामागे तांबडं कार्ड. बत्तीस साली ते वॉर्डातून कामगारांच्या पक्षाचे प्रतिनिधी म्हणून जिल्ह्याच्या अधिवेशनाला गेले होते, तिथे हेच कार्ड वर करून मत देत. पुढच्या वर्षी हिटलर आला, पक्षावर बंदी आली. व्याही दीड वर्ष तुरुंगात बसले, कार्ड विटेमागे बसलं.

लढाईनंतर पक्ष उभा राहिला, पण दर वेळी दुसराच कोणी प्रतिनिधी व्हायचा. त्रेसष्ट साली डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, छातीत धूळ भरलीय, फार वर्षं नाहीत. तेव्हा ते म्हणाले, "आणखी एकदा. फक्त एकदा हात वर करायचाय."

वॉर्डातून एकच प्रतिनिधी जायचा. समोर एक तरुण मास्तर उभा होता, मोटारवाला. गेर्डाही पक्षाची सभासद. उन्हाळाभर बापलेक घरोघर सभेच्या चिठ्ठ्या वाटत हिंडले. व्याही जिन्यात थांबून खोकायचे, मग दार वाजवायचे.

"सगळे हो, हो म्हणतात, येतो म्हणतात," गेर्डा सांगायची.

"आमच्याकडे लग्नाचं आवतण दिलं तरी असंच म्हणतात," मी म्हटलं. "पण तिथे जेवण असतं. तुमच्या सभेत काय असतं?"

व्याही हसले, खोकले. "बिअर. पण ज्याची त्याने घ्यायची."

"मग कोण येतंय!"

निवडीची सभा ठरली नोव्हेंबरात, रविवारी सकाळी अकराला, कोपऱ्यावरच्या गास्टहाउसच्या, म्हणजे खाणावळीच्या, मागच्या खोलीत.

आणि त्याच रविवारी मालकांचं श्राद्ध आलं. कार्तिक वद्य दशमी. त्या वर्षीचं पंचांग आलं नव्हतं, पुण्याहून सुलेखाने, माझ्या लेकीने, पाठवलेलं पार्सल बोटीत कुठे अडकलं होतं देव जाणे. दिनकरच्या जर्मन कॅलेंडरवर पौर्णिमेचं गोल चिन्ह होतं, तिथून मी बोटांवर दहा मोजले. रविवार.

गेर्डा स्वयंपाकघरात आली. "आई, श्राद्ध एक दिवस पुढे नाही करता येत?"

"तुझा सासरा आगगाडी आहे का, उशिराने यायला?"

"मी अकराला जाते, साडेबाराला येते."

"सोवळ्याचा स्वयंपाक कोण करणार? पान कोण वाढणार? घरात सून असून सासूने वाढायचं?"

"आई, पपांची ही शेवटची सभा असेल."

"सभा दर वर्षी येते."

"पपा दर वर्षी येणार नाहीत," ती म्हणाली.

दिनकर मधे बोलू लागला, "अगं आई..." मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. गेर्डाने कोट खुंटीला परत लावला आणि वडे तळायला घेतले. मला वाटलं, जिंकले.

दुपारी व्याही आले. चेहऱ्यावरूनच कळलं. वॉर्डात दीडशेच्या वर सभासद, आले दहा. पाच हात यांना, पाच मास्तराला. मग एकाच्या टोपीत दोन चिठ्ठ्या टाकल्या. मास्तराची निघाली.

अकरावा हात माझ्या घरी वडे तळत होता.

मंगळवारच्या वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या. दहा हजर, चिठ्ठीने निवड, आणि मास्तराचं नाव. गेर्डाने पान उलटसुलट करून बघितलं. पपांचं नाव नव्हतंच. "पडलेल्याचं कोण छापतं?" व्याही म्हणाले आणि माझ्याकडे वळून काही बोलले. गेर्डाने खाली बघून मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, तुम्ही बरोबर केलंत. मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये."

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. मसाले, पापड, पंचांग. मी बोट ठेवून वाचलं. त्या पंधरवड्यात एका तिथीची वृद्धी होती, ती दोन दिवस चालली. दशमी सोमवारची.

रविवारी मी मालकांना जेवायला बोलावलं, तेव्हा नवमी होती. पान वाढलं ते कुणासाठी, देवालाच ठाऊक. सोमवारी काही केलं नाही आणि रविवारी गेर्डा जाऊ शकत होती.

पंचांग लुगड्यांच्या घडीत खाली सारलं.

फेब्रुवारीत व्याही दवाखान्यात होते. पंचांग पिशवीत घालून मी गेर्डाबरोबर भेटायला गेले. ठरवून गेले होते, सांगायचं. त्यांनी माझा हात धरला. हात विटेसारखा खरखरीत, पण हलका झालेला. "फ्राऊ सरला," म्हणाले, "पुढच्या वर्षी सभा आणि श्राद्ध वेगवेगळ्या दिवशी ठेवा हं." आणि डोळा मिचकावला.

गेर्डाने भाषांतर केलं. मी म्हटलं, "ठेवते." पिशवी उघडली नाही. आठ दिवसांत ते गेले. तांबडं कार्ड गेर्डाने त्यांच्या कोटाच्या खिशात घातलं.

पुढच्या कार्तिकात गेर्डा विचारायला आली. "आई, श्राद्ध कधी? सभेचं पत्र आलंय."

मी ट्रंक उघडली. नवं पंचांग काढलं, आणि जुनंही. जुन्यातलं पान उघडून बोट ठेवलं. "ही दशमी. हा सोमवार."

तिला आकडे वाचता येत होते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पार्सल आलं तेव्हा."

"म्हणजे पपा होते."

"होते."

मला वाटलं, ओरडेल. मी तयार होते, मला ओरडणं चाललं असतं. तिने नवं पंचांग माझ्या हातातून घेतलं, स्वयंपाकघरात नेलं आणि तिच्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं.

"आता तिथी मी बघेन," म्हणाली.

मग कोट घालून चिठ्ठ्या वाटायला गेली, एकटीच.

तेव्हापासून या घरात श्राद्ध कधी ते सून सांगते. मी विचारते.