राजीखुशीचा अंगठा

कोल्हापुरात कचेरीबाहेर बसणारे दस्तलेखक त्र्यंबकराव दस्त इतका भरभर वाचून दाखवीत, की ऐकणाऱ्यालाच धाप लागे. शेवटी मात्र सुवाच्य अक्षरात लिहीत, ‘मजकूर वाचून दाखविला, समजला, राजीखुशीने अंगठा केला.’ वाचून दाखविला, हे खरे. बाकीचे ते पदरचे घालीत!

१९५९च्या चैत्रात उचगावची चिमणाबाई बोचके घेऊन त्यांच्यासमोर बसली. सोबत शेजारीण अंबूबाई. दोन वर्षांपूर्वी, बाप वारल्यावर, भाऊ आकारामाने तिला नवे लुगडे नेसवून इथेच आणले होते.

“एवढा कागूद वाचा,” चिमणाबाई म्हणाली. “मालक गेलं, सासरच्यांनी भाईर काढलं. भावाच्या दारात गेलते, तर म्हणतोय, तुझं हितं काय न्हाय. पर घर आबाचं हाय की!”

त्र्यंबकरावांनी स्वतःचे अक्षर ओळखले. “हे हक्कसोडपत्र. नव्या कायद्याने वडिलांच्या घरात, जमिनीत तुझाही वाटा होता. तो तू सोडलास. निरंतर, म्हणजे कायमचा. विनामोबदला, म्हणजे काही न घेता.”

“लुगडं घेतलं की!” ती म्हणाली. मग हळू आवाजात, “दादा म्हणाला, वारसात नाव लावायला अंगठा पायजे.”

“मी वाचून दाखवलं होतं, बाई.”

“व्हय, वाचलंसा!” अंबूबाई कडाडली. “भटजी मंत्र म्हणतोय तसं! त्या मंत्रानं नवरा तरी मिळतो. तुमच्या मंत्रानं हिचं छप्पर गेलं. ‘कळलं का बाई?’ एवढं इचारलं असतंसा, तर जीभ झिजली असती?”

विचारले असते, तर आकाराम उठून शेजारच्या लेखकाकडे गेला असता. हे त्र्यंबकरावांना तेव्हाही ठाऊक होते.

“वकिलाकडे चल,” ते म्हणाले. “अर्थ सांगितला नव्हता, अशी साक्ष मी देतो.”

“मग घर मिळंल?”

“सांगता येत नाही. वर्षं लागतील.”

“तवर कुठं ऱ्हाऊ?”

अंबूबाईने बोचके उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतले.

दुसऱ्या दिवशी आणखी एक भाऊ बहिणीला घेऊन आला. तिचेही लुगडे कोरे करकरीत! त्र्यंबकरावांनी शाईची डबी झाकली. “ताई, आधी मला सांग, हक्कसोड म्हणजे काय?”

भाऊ तिला ओढतच शेजारच्या लेखकाकडे घेऊन गेला. पण ती जाता जाता विचारू लागली होती, “दादा, म्हंजी काय रं?”

बंधुभगिनींनो, शब्द कळेपर्यंत अंगठा मुठीत ठेवा. आणि आपण शिकलेले? कळत असून गप्प बसलो, तर त्या कागदावर आपलाही अंगठा असतोच!