लहरीबाबांचा रेडिओ

बंद पडलेल्या त्या चित्रपटगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, दारातली माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावत होती. पडद्यापुढे उंच आसनावर लहरीबाबा, आणि त्यांच्यासमोर स्टुलावर एक जुनापुराणा रेडिओ.

बाबांनी हात वर केला. "यंत्रांनो, गप्प!"

लोकांनी खिशातले मोबाइल काढून पाहिले. एकालाही नेटवर्क नव्हतं. सभागृहातून एकच हुंकार उठला.

"यंत्रांचा अहंकार गळाला!" बाबा म्हणाले. "ब्रह्मांड म्हणजे तरंगांचा महासागर. माणूस हरवतो, त्याचा तरंग हरवत नाही. तुम्हाला तो ऐकू येत नाही, कारण तुमच्या मनाचा अँटेना वाकडा!"

रेडिओ खरखरू लागला. खरखरीतून दबका आवाज आला, "आई... मी आहे गं. गुडघ्याला तेल लावतेस ना?"

माझ्या शेजारी काकू हमसून रडू लागल्या. काकू म्हणजे माझ्या ताईच्या सासूबाई. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझे भाऊजी, सैन्यात होते. सीमेवरच्या लढाईत बेपत्ता झाले. ना मृतदेह सापडला, ना कैदेत असल्याची खबर आली.

"मला घरी यायचंय," आवाज म्हणाला, "पण ती घरात आहे तोवर माझी वाट बंद आहे."

'ती' म्हणजे माझी ताई.

बाहेर पडताना मी म्हणालो, "काकू, हा शुद्ध भामटा आहे."

"मग माझ्या गुडघ्याचं त्याला कोणी सांगितलं? सांग ना!"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. एकदा संधी साधून तो रेडिओ उलटासुलटा करून पाहिला होता. ना गुप्त तार, ना लपवलेली टेप. रेडिओ अगदी खरा होता, हीच तर पंचाईत होती. सांगणार काय, कपाळ!

काकूंच्या घरी ताई लेकीचे कपडे पिशवीत भरत होती. येत्या रविवारी तिने निघायचं, असं काकूंनी ठरवून टाकलं होतं.

"तू काही बोलत का नाहीस?" मी चिडून विचारलं.

"काय बोलू? मी गेल्याने ते परत येणार असतील, तर मी आत्ता जाते." ती थांबली. "पण नसतील येणार, तर मी कुठे जाऊ रे?"

त्या रात्री आम्हा कुणाचाच डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी भाऊजींच्या तुकडीच्या मेजरबाई भेटायला आल्या. काकूंनी रडत रडत त्यांनाही सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. उठल्या आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या.

"आई, तुमचा मुलगा आमच्याकडे काय काम करायचा, ठाऊक आहे?"

"रेडिओचं काहीतरी."

"शत्रूचं बोलणं चोरून ऐकायचं. तो कुठून बोलतोय ते हुडकायचं. त्याच्या यंत्रांवर गोंगाट सोडून त्याचे कान बंद करायचे. आणि कधी कधी त्याला खोटा आवाज ऐकवायचा. इलेक्ट्रॉनिक युद्ध म्हणतात ते हेच. सव्वाशे वर्षांपूर्वी एका बंदरावर जहाजांतून तोफा डागत होते. नेम कुठे चुकतोय ते दुसरं जहाज बिनतारी यंत्रावरून कळवत होतं. बंदरातल्या लोकांनी स्वतःच्या यंत्रातून इतका कलकलाट केला, की तो निरोप पोचेचना. पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानांतून धातूच्या चंदेरी पट्ट्या उधळल्या. रडारला वाटलं, विमानांचे थवेच आले."

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्राला फसवता येतं, आई. आणि यंत्रावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तर त्याहून सोपं." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडे छोटा रेडिओ आहे?"

रविवारी सकाळी काकू, मेजरबाई आणि मी पुन्हा त्या चित्रपटगृहात. ताईची पिशवी घरी दाराशी तयार होती.

बाबांनी यंत्रं गप्प केली आणि स्टुलावरचा रेडिओ बोलू लागला. मेजरबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मोबाइलचे कान बंद केले, पण स्वतःच्या लहरीची वाट मोकळी ठेवलीय. आम्हीही असंच करतो." त्यांनी इअरफोन लावला आणि छोट्या रेडिओचं चाक फिरवलं. तोच आवाज त्यांना सापडला.

"याच्या पोटात एक कांडी असते. तिचं टोक नेमकं आवाजाच्या उगमाकडे वळलं, की आवाज मरतो."

त्या रेडिओ हळूहळू फिरवत राहिल्या. एका ठिकाणी थबकल्या, कांडीची दिशा पाहिली. मग गर्दीतून वाट काढत दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या, तिथेही तेच केलं. दोन्ही रेषा एकाच जागी मिळत होत्या. आसनापाशी नव्हे. आमच्या सगळ्यांच्या पाठीमागे, वर, जिथून पूर्वी सिनेमा दाखवायचे त्या खोलीत.

"आई, चला," त्या म्हणाल्या. "दार तुम्हीच उघडा."

काकूंनी क्षणभर स्टुलावरच्या रेडिओकडे पाहिलं. तो बोलतच होता. मग गुडघा धरत त्या एकेक पायरी चढल्या. मागोमाग मी. बाबा ओरडले, "थांबवा! तरंग तुटेल!" काकूंनी दार ढकललं.

आत एक माणूस तोंडाशी रुमाल धरून माइकमध्ये म्हणत होता, "आई, ती गेली का गं?" आणि तेच शब्द त्याच क्षणी खालच्या रेडिओतून सभागृहात घुमले. टेबलावर त्याचा आवाज रेडिओपर्यंत पोचवणारा प्रक्षेपक होता, शेजारी मोबाइल बंद पाडणारं यंत्र.

मी ते यंत्र बंद केलं. खाली खिशाखिशांतून मोबाइल वाजू लागले.

"माझ्या गुडघ्याचं तुला कोणी सांगितलं?" काकूंनी विचारलं.

माणूस चाचरला. "तुम्हीच. बाहेर रांगेत आमच्या सेविका तुमच्याशी बोलतात ना... सुनेशी पटत नाही, हेही तुम्हीच बोललात."

काकू दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. मुलगा दुसऱ्यांदा हरवल्यासारख्या त्या दिसत होत्या. खाली लोकांनी बाबांना घेरलं होतं. मेजरबाई पोलिसांना फोन लावत होत्या.

घरी आल्यावर काकू ताईसमोर उभ्या राहिल्या. क्षमा मागणं त्यांना जमलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्याची काही बातमी नाही. हे खरं आहे ना?"

"खरं आहे, आई."

"मग आपण दोघी मिळून वाट पाहू."

आजही वाट पाहणं संपलेलं नाही, आणि ते सोपं नाही. म्हणूनच भामट्यांचं फावतं. दुःखात माणूस कान टवकारून बसतो आणि त्याला हवं तेच कुणीतरी ऐकवतं. तुम्हालाही असा आवाज ऐकू येईल. ऐका, पण हात जोडण्याआधी मान वळवून एकदा पाहा, बोलतंय कोण आणि कुठून. उत्तर मिळेपर्यंत कुणा जित्या माणसाला घराबाहेर काढू नका.