टीम लीडने वर येऊन तोंड दाखवावं

पत्र हातात पडलं तेव्हा शंकासुराने ते आधी उजेडाकडे धरून पाहिलं. शंकासुर हे नाव त्याला कंट्रोल रूममधल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि उगाच ठेवलं नव्हतं. वीज केंद्राच्या डेस्कवर सव्वीस वर्षं बसून त्याने एका मीटरवर कधी विश्वास ठेवला नाही. दुसरं मीटर तेच सांगतंय का हे पाहायचं आणि मगच हात उचलायचा, अशी त्याची रीत. घरी बायकोने दूध उतू गेलं म्हटलं, तरी हा उठून ओटा बघायचा.

पत्र इंग्रजीत होतं. कालपर्यंतचा डेस्क ऑपरेटर आता ‘असोसिएट, ऑपरेशन्स’ झाला होता. पगार तोच, खुर्ची तीच, काम तेच. फक्त नाव नवं.

नावं सगळ्यांचीच बदलली होती. बॉयलरवरचा अटेंडंट ‘स्टीम सोल्युशन्स स्पेशलिस्ट’ झाला. राखेच्या खड्ड्यावरचा माणूस ‘रेसिड्यू एक्झिक्युटिव्ह’ झाला आणि दिवसभर तो शब्द पाठ करत हिंडला, संध्याकाळी आईला सांगायचा म्हणून. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आता राख नाही ना उपसायची?” तो म्हणाला, उपसायचीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लोक हसले, फाटकाबाहेर एकमेकांना नव्या नावांनी हाका मारून झाल्या आणि विषय संपला.

शंकासुराचा मात्र संपला नाही. त्याला केंद्राच्या टेलिफोनवर बसणाऱ्या बाई आठवत होत्या. बारा वर्षांपूर्वी त्यांचंही असंच ‘कम्युनिकेशन असिस्टंट’ असं बारसं झालं होतं, आणि वर्षाच्या आत त्या पदाची गरज उरली नाही म्हणून बाई घरी गेल्या. आधी माणसाचं नाव असं करायचं की तो नेमकं काय करतो ते कुणालाच कळू नये. मग विचारायचं, हा करतो तरी काय? कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं त्याला पक्कं कळलं होतं.

ते कुठे मुरतंय हेही त्याच दिवशी दिसलं. त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, याच केंद्रात फिटर होता. याच्याच शब्दावर पंधरा वर्षांपूर्वी चिकटला होता. मेहुण्याच्या पत्रावर लिहिलं होतं, ‘टीम लीड’.

“ज्याला मी पाना धरायला शिकवला तो लीड, आणि मी असोसिएट!” तो घरी गरजला. “असोसिएट म्हणजे काय माहीत आहे? कुणाचा तरी कुणीतरी.”

“त्याने थोडंच मागून घेतलंय?” बायको म्हणाली.

“मागच्या आठवड्यात तो एचआरच्या बाईच्या केबिनमधून बाहेर पडताना मी पाहिलाय. मला बघून मान खाली घातली त्याने. का घातली?”

“अहो, पायरी बघत असेल.”

बायकोच्या या उत्तरावर त्याने ताट सरकवलं. त्या दिवसापासून त्याने मेहुण्याशी बोलणं टाकलं. मेहुणा कॅन्टीनमध्ये “दाजी” म्हणत समोर येऊन बसला की हा चहा अर्धा टाकून उठायचा. मेहुण्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय आणि झाडाखाली खड्डा माझ्यासाठी खणलाय, असं तो मनाशी रोज घोकायचा. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. निवृत्तीला चार वर्षं होती आणि डेस्कशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी मोठा पंखा बंद केला. बॉयलरमधला धूर ओढून चिमणीकडे ढकलणारा हा पंखा म्हणजे एक खोलीच असते. पात्याची कड झिजली होती. ती वेल्डिंग करून भरायची, म्हणजे माणसांनी आत शिरायचं. त्याच संधीत बाहेर मोटरचंही काम उरकायचं होतं.

अशा वेळी आत असो वा बाहेर, जो काम करणार तो आधी पंख्याच्या स्विचवर आपली लाल पाटी टांगतो. पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. काम झालं की शेवटी पाटी काढणाऱ्याची चिठ्ठी कंट्रोल रूममध्ये येते, ‘काम पूर्ण, माणसं बाहेर’, आणि मग डेस्कवरून पंखा सुरू होतो. या पाट्यांवर आणि चिठ्ठ्यांवर माणसाचं नाव कधीच नसायचं, पद असायचं. फिटर म्हणजे फिटर, वायरमन म्हणजे वायरमन. पाळीत दोन्ही एकेकच असायचे, त्यामुळे कधी कुणाचं अडलं नाही. आणि चिठ्ठी द्यायला ज्याचा त्याने वर यायचं, डेस्कसमोर उभं राहून तोंड दाखवायचं, ही जुनी रीत. ती कुठल्या नियमात नव्हती. अलीकडे लोक चिठ्ठी कुणाच्याही हाती धाडायला लागले होते.

दुपारी सव्वाबाराला चिठ्ठी आली, ती शिपायाच्या हातून. शिफ्टच्या साहेबांनी ती वाचली.

“झालं काम. पंखा घ्या सुरू. दोन तास उशीर झालाय, वरून तीन फोन आलेत मला.”

शंकासुराने चिठ्ठी हातात घेतली. ‘काम पूर्ण, माणसं बाहेर.’ खाली एक वेलांटीसारखी सही आणि छापील अक्षरात, ‘टीम लीड’.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा वर्षं हा मेहुणा जिने चढून वर यायचा, घामाघूम उभा राहायचा, “झालं दाजी” म्हणायचा. आता लीड झाला तर शिपायाकडून चिठ्ठी पाठवतो!

“मी नाही सुरू करणार,” तो म्हणाला.

“का?”

“टीम लीडने वर येऊन तोंड दाखवावं.”

“अहो, स्विचवरच्या पाट्या निघाल्यात, चिठ्ठी आलीय, पॅनलवर हिरवा दिवा आहे. आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

“तोंड.”

साहेब चिडले. त्यांनी वर्कशॉपला फोन लावला. मेहुणा तिथे नव्हता. स्पीकरवरून दोनदा पुकारलं, तरी कुणी आलं नाही. शंकासुराला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. बसला असेल कॅन्टीनमध्ये पाय पसरून. आज चारचौघांत याला उघडा पाडतो.

“हे बघा, तुम्ही नाही दाबलंत तर मी दाबीन बटण,” साहेब म्हणाले.

“दाबा. पण आधी वहीत लिहा, असोसिएट नको म्हणत होता. मी आणतो तुमच्या टीम लीडला कानाला धरून.”

साहेबांनी पेन उचललं, वहीकडे पाहिलं आणि पेन ठेवलं. “दहा मिनिटं,” ते म्हणाले.

कॅन्टीनला जायची वाट पंख्यावरूनच होती. पंख्याजवळ शुकशुकाट होता. मोटरवाले आवरून गेले होते. पंख्याच्या पोटाला माणूस शिरण्यापुरतं एक भोक असतं. त्याचं झाकण उघडंच होतं आणि शेजारी दोन हेल्मेटं ठेवलेली होती. एकाच्या मागे रंगाने मेहुण्याचा नंबर लिहिला होता.

शंकासुर वाकला. आत निळा उजेड लखलखत होता. वेल्डर पात्यावर ओणवा होता आणि मेहुणा दोन पात्यांच्या मध्ये पाठ टेकवून बसला होता, हातात दिवा धरून.

उजेड थांबला. “दाजी?” मेहुणा आतून म्हणाला. त्याचा चेहरा काजळीने काळा झाला होता आणि तो हसत होता, कारण दाजी तीन आठवड्यांनी आपणहून त्याच्याकडे आले होते. “अजून अर्धा तास लागेल हो. तुम्ही कशाला आलात खाली?”

शंकासुराला “बाहेर ये” एवढंच म्हणता आलं, आणि तो तिथेच जमिनीवर बसला.  दोघं बाहेर येईपर्यंत त्याने झाकणाची कड सोडली नाही.

काय झालं ते तासाभरात कळलं. वायरमनलाही नव्या पत्रात ‘टीम लीड’च केलं होतं. त्याचं मोटरचं काम संपलं, तो स्विचपाशी गेला, तर तिथे सारख्याच दोन पाट्या. दोन्हींवर छापलेलं, ‘टीम लीड’. त्याला वाटलं, एक आपली, दुसरी आपल्याच हाताखालच्याने चुकून लावलेली, आणि फिटरची दिसत नाही म्हणजे आतली माणसं निघून गेली. त्याने दोन्ही काढल्या, वीज जोडली, चिठ्ठी लिहिली, सही केली आणि जेवायला गेला. सगळं कळल्यावर तो वर्कशॉपच्या बाकावर डोकं धरून बसून राहिला.

संध्याकाळपर्यंत शंकासुराचं कौतुक केंद्रभर झालं. साहेबांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. एचआरच्या बाई फोटो काढायला आल्या, नोटीस बोर्डावर लावायला. “अशी सावध माणसं आम्हाला हवीत,” त्या म्हणाल्या. पदाची चिंता त्याने आता करायचं कारण नव्हतं, हे त्यालाही समजलं. पण त्याला आनंद काही होईना. तो फोटोला उभा राहिला नाही. लोक म्हणाले, विनय आहे.

घरी बायकोला भावाचा फोन आधीच आला होता. तिने वाढलं आणि समोर बसली. तिचे डोळे सुजले होते.

“तुम्ही होतात म्हणून माझा भाऊ आज आहे,” ती म्हणाली.

हे मात्र त्याला सहन झालं नाही. त्याने घास खाली ठेवला.

“मला काहीही कळलं नव्हतं,” तो म्हणाला. “दोन टीम लीड आहेत, तो आत आहे, यातलं काहीही. मला फक्त त्याला जिने चढायला लावायचं होतं. सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं होतं. खाली गेलो तो त्याचा अपमान करायला.”

तिने भाताचं पातेलं झाकून ठेवलं. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

“मी रोज तुमच्या मागे लागले होते, राग सोडा म्हणून,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही माझं ऐकलं असतंत तर?”

त्याने खोटं बोलायचा विचार केला. मग मेहुण्याची ती सही डोळ्यांसमोर आणली, जी मेहुण्याची नव्हतीच. घरचाच माणूस आहे, काम करून थकला असेल, कशाला त्याला वर बोलवा, असंच राग नसता तर तो स्वतःशी म्हणाला असता.

“बटण दाबलं असतं,” तो म्हणाला.