क्षणभराचा करंट

मी एक ऑसिलोस्कोप. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. वीज क्षणोक्षणी कशी चढते, कशी उतरते, ते मी हिरव्या रेषेत काढून दाखवतो.

मुंबईच्या जुन्या बाजारातून अंबरीशने मला उचललं आणि रोह्याशेजारी वरशाला आणलं. साल चौऱ्याण्णव. तिथे एका खोलीत तो आणि नम्रता इन्व्हर्टर बनवायचे. नम्रता पेणजवळच्या जोह्याची. डिप्लोमा करून आलेली, हट्टी, हसरी.

पहिला इन्व्हर्टर गेला तिच्या बापाच्या, जनूच्या गणपतींच्या कारखान्यात. वीज गेली की पंखे थांबायचे आणि मूर्तींचा रंग ओलाच राहायचा. इन्व्हर्टर जेमतेम चालला आणि त्यातले पॉवर ट्रान्झिस्टर उडाले. दुसऱ्यांदाही तेच. जनू वैतागला.

"आता जलला तर घरी ये गो. बास झाला तुझा रोहा!"

ट्रान्झिस्टरला उघडणारं-मिटवणारं टोक म्हणजे गेट. अंबरीशने त्यावर बोट ठेवलं. "गेटला करंट लागतच नाही, मग ट्रान्झिस्टर तापतो कशाने?"

"लागतो रे. क्षणभरच लागतो, पण लागतो. कधी मोजलायस?"

तिने गेटच्या वाटेवर एक छोटा रेझिस्टर जोडला आणि त्याच्या दोन्ही टोकांना माझे दोन प्रोब, म्हणजे मोजायच्या तारा, लावल्या. दोन्हींतली वजाबाकी मी पडद्यावर काढली. बुटका, पसरट उंचवटा दिसला.

"बघ, गेट म्हणजे भांडं आहे. एकदा भरलं की काही मागत नाही. पण आपण ते थेंब थेंब भरतोय. तोवर ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहतो आणि तापतो."

मग गेटला जोर देणारी छोट्या ट्रान्झिस्टरांची जोडी त्यांनी बसवली. आता भांडं एका झटक्यात भरलं आणि माझ्या पडद्यावर उंच, बारीक सुळका उभा राहिला. त्याकडे बघताना दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. ती बराच वेळ तशीच राहिली.

जोह्याला इन्व्हर्टर दिवसभर चालला. जनूने हात लावून पाहिलं. "थंड हाय गो! रव्ह तू रोह्याला."

पण तिचं हे काम पाहून बंगलोरच्या एका कंपनीने तिला बोलावलं. निघताना ती दारात थांबली.

"तू काही बोलणार नाहीस?"

अंबरीश माझं बटण फिरवत राहिला. "रेषा जरा हलतेय गं."

हलत नव्हती. मी अगदी स्थिर होतो.

माणसं अशीच. विजेचा एवढासा धक्का मोजतात आणि समोरच्याला 'थांब' म्हणत नाहीत.

पुढे ती खोली सुटली. अंबरीश पेणला शिकवायला लागला, मीही त्याच्या घरी आलो. कॉलेजातून आला की तो मला सुरू करतो. प्रोब कशालाच लावत नाही. सपाट रेषेकडे बघत बसतो. पाच वर्षं झाली. माझा पडदाही आता मंद झालाय.

आज सकाळी पेणच्या स्टँडवर त्याला जनू भेटला. तेही त्याने मलाच सांगितलं.

"नमू आली हाय," जनू म्हणाला होता. "लगीन नाय केलान अजून. तुला इचारीत व्हती."

"येतो," एवढंच बोलून हा घरी आला आणि माझ्यासमोर बसला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांत अजून चपला.

अंबरीश, इथे काही दिसायचं नाही रे. जोह्याची एसटी लागली असेल. मला बंद कर आणि जा.