दोरीवरचं गोश्त

फरहानानं काठीला बांधलेलं काळं फडकं हवेत फिरवलं, तशी घार कठड्यावरून उठली आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली. तिथूनही तिची नजर दोरीवरच होती. गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेल्या सुतळीवर बोकडाच्या गोश्ताच्या पट्ट्या लोंबत होत्या. बोटभर रुंद, वीतभर लांब, मीठ-हळद-लसूण चोळलेल्या. बकरी ईद होऊन चार दिवस झाले होते. पट्ट्या कडेनं काळपट झाल्या होत्या, मध्ये अजून ओल होती.

जिन्यातून घरमालकीण विजयमालाबाई वर आल्या. नाकाला पदर.

"दोरी उतरव फरहाना. उद्या माझ्याकडं हळदीकुंकू आहे. बाया येतीन."

"काकू, अजून चार दिवसांचं ऊन लागते. अर्धवट उतरवलं तर सडून जाईन सगळं."

"अन् आमच्या सुनेचं, कांचनचं काय? पोटुशी पोरगी. या वासानं तिच्या पोटात पाणी ठरून नाही राह्यलं. सकाळपासून दोनदा ओकली."

 फडकं फरहानानं उगाच पुन्हा एकदा फिरवलं.

"आमच्या घरात तुळशीची माळ आहे, तुले माहीत आहे," विजयमालाबाई म्हणाल्या. "तरी खोली देली. खोलीत तू काय रांधते, कधी विचारलं? पण हे असं उघड्यावर नाही चालत. दोरी ठेवाची असंन तर ठेव. मंग एक तारखेले खोली सोड."

त्या उतरून गेल्या. फरहाना कठड्यापाशी येऊन उभी राहिली. इथून मराठी शाळेचं फाटक दिसायचं. मधल्या सुट्टीत पोरगी कहकशां कोणाबरोबर खेळते, पाणी प्यायला नळावर जाते की नाही, फाटकाबाहेर कोण उभं आहे, सगळं दिसायचं. याच एका गोष्टीसाठी तिनं ही गच्चीवरची खोली धरून ठेवली होती. शोधत होते तेव्हा ढाणकीतल्या सहा घरमालकांकडे, नाव सांगितल्याबरोबर, पुढच्याच आठवड्यात पाहुणे येणार होते. विजयमालाबाईंच्या नवऱ्याकडे, विठ्ठलरावांकडे तेवढे पाहुणे येणार नव्हते, कारण त्यांच्या विहिरीवरची मोटर फरहानाचा नवरा शकीलच दुरुस्त करायचा.

संध्याकाळी शकील ग्रीसचे हात धूत म्हणाला, "उतार दे ना रस्सी. चार टुकड्यांसाठी खोली घालवती का?"

"चार तुकडे नाहीत ते."

"मग काय आहे?"

तिला नीट सांगता येईना. शकीलच्या दादांच्या, म्हणजे आजोबांच्या, काळापासून त्यांच्या घरात ते वाळवलं जायचं. दादा कापसाच्या गाड्या हाकायचे. जिनिंगच्या फाटकावर गाड्यांची रांग लागली की चार चार दिवस हलायची नाही. तेव्हा धोतराच्या फडक्यात बांधलेल्या पट्ट्या निखाऱ्यावर टाकायच्या, दगडानं ठेचायच्या आणि ज्वारीच्या भाकरीवर घ्यायच्या. खाणारे एका शेकोटीशी, न खाणारे दुसऱ्या. पण गप्पा दोन्हीकडून. सासू अकीलाबी हे सांगताना हातातल्या मांसाच्या गोळ्याची एकाही ठिकाणी न तुटता लांबलचक पट्टी सोडवायची. बीएस्सी झालेल्या फरहानाला ते तीन वर्षं शिकूनही जमलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा जमलं. यंदाच, जेव्हा कापसाला भाव नव्हता, दुरुस्त केलेल्या मोटरी न्यायला कोणी येत नव्हतं आणि शकील दुपारी दुकानात नुसता बसून असायचा.

"मी लपवून काही खाणार नाही," ती एवढंच म्हणाली.

"मत खा. पण मग शाळेचं फाटक कुठून बघशील ते सांग."

ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. दोरी मात्र सकाळी होती तिथंच होती.

आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. जिन्याकडच्या टोकाच्या पट्ट्या रोज एक-दोननं कमी व्हायच्या. परवा तिनं कहकशांला त्यावरून एक चापट मारली होती. पोरगी रडत "अल्ला कसम मम्मी" म्हणत राहिली. नंतर फरहानानं सुतळी निरखून पाहिली. घार ओरबाडते, तिनं नेलं तर मांसाचा धागा लोंबत राहतो. इथं पट्टी अलगद सरकवून काढलेली होती. तेव्हापासून पोरीच्या गालाकडे बघणं तिला जड जात होतं.

दुपारी ती कहकशांचा डबा द्यायला निघाली. कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं, चमचा राहिला. ती परत फिरली.

गच्चीवर कांचन होती. पाठमोरी. सातव्या महिन्याचं पोट एका हातानं सावरलेलं, दुसरा हात दोरीवर.

फरहानाच्या पायाचा आवाज झाला तशी ती वळली. तोंड भरलेलं होतं.

"भाभी, आईले सांगू नका."

"तुले तर वासानं उलट्या होतात ना?"

"त्या कशानंबी होतात. वरणानं, भातानं, औषधानं." कांचननं घास गिळला. "एवढंच राह्यते पोटात. आमच्या मुकुटबनले माय भाजून द्यायची चुलीवर. इथं कोणाले म्हणू मी?"

फरहानानं तिच्या हातातली उरलेली पट्टी काढून घेतली. कांचनचा चेहरा पडला.

"कच्चं नको खाऊ अशा दिवसांत. काही झालं म्हणजे? आत ये."

तवा तापला. तेलाच्या चमच्यात पट्ट्या पडल्या, आक्रसल्या, कडेनं कुरकुरीत झाल्या. कांचन भिंतीला टेकून जमिनीवर बसली आणि ताटली मांडीवर घेऊन खाऊ लागली. तोंड पोळत होतं, तरी थांबत नव्हती. फरहाना तिच्याकडे बघत राहिली. इतक्या भुकेनं खाणारं माणूस तिनं पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

जिन्यात बांगड्या वाजल्या.

फरहाना झटकन बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं.

"नाही काढली ना दोरी?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"नाही."

"दुपारपर्यंत वाट पाह्यली मी."

एक वाक्य बोलायचाच अवकाश होता. दार उघडून नुसतं बाजूला झालं तरी पुरलं असतं. खोली राहिली असती, शाळेचं फाटक राहिलं असतं. आतून कुरकुर चावल्याचा बारीक आवाज आला आणि थांबला. फरहानानं पाठ दाराला घट्ट लावली.

"नाही काढणार काकू. एक तारखेले खोली सोडतो आम्ही. पण तोवर दोरी इथंच राहीन."

विजयमालाबाईंची नजर खाली गेली. उंबऱ्याशी दोन जोड चपला होत्या. एक फरहानाचा. दुसरा निळ्या पट्ट्यांचा, डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला.

 टाकीवर घार ओरडली.

"वासासाठी नव्हतं म्हणलं मी," विजयमालाबाई हळूच म्हणाल्या. "तिच्या पदराले चार दिवसांपासून लसणाचा वास येते. आमच्या मालकायले समजलं, तर बाळंतपणापर्यंत माहेरी धाडून देतीन, अन् मंग आणणार नाहीत. दोरीच नसली तर हात कशाले जाईन तिचा?"

"मग तर नाहीच काढत. एवढंच राह्यते तिच्या पोटात," फरहाना म्हणाली. ती दारापासून हलली नाही.

खालून विठ्ठलरावांचं खाकरणं आलं, मग हाक. "वर काय चाललं हो? येऊ का मी?"

विजयमालाबाईंनी पायानं त्या निळ्या चपला दाराच्या फटीतून आत सारल्या. मग जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, खाली तोंड करून, पायरी पुरती अडेल अशा बसल्या. अंबाड्यातले आकडे काढून त्यांनी कोरडे केस पाठीवर मोकळे सोडले.

"येऊ नका जी," त्या ओरडल्या. "केस वाळवून राह्यली मी. वेळ आहे मले."