साखरमाय

मांजरानं जांभई दिली आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडले.

शनिवारची सकाळ होती. बोरखडीच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वालूर-सेलूकडचे शेतकरी होते, पूर्णेहून रेल्वेतले लोक आले होते, कारखान्यावरून नुकत्याच परतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या लेकराबाळांसह बसल्या होत्या. मधोमध चौरंगावर लाल गादी, गादीवर एक करडं मांजर. पाठीचा कणा मोजता यावा इतकं वाळलेलं. केस चिकटलेले. गळ्यात झेंडूची माळ. समोर दुधाची पातेली, पेढे, खडीसाखर. ही साखरमाय. येणाऱ्याची साखर, म्हणजे मधुमेह, ती स्वतःच्या अंगात ओढून घेते अशी ख्याती होती.

तिच्यामागे तिचे मालक मांजरेबाबा. अंगावर टेरिकॉटची भगवी कफनी, मनगटावर घड्याळ, आवाज लिलावाचा.

"शंकरानं इष पिलं!" बाबा गरजले. "पर किती वेळा पिलं? एकदा! माझी माय तुमची साखर रोज पिती. सांगा, अवघड काम कुणाचं?"

"मायचं!" गर्दी ओरडली.

शंकराचा दुसरा नंबर आला, तरी कुणी हरकत घेतली नाही.

तेवढ्यात मांजरीनं मान लांब केली, पोट आत ओढलं आणि गादीवर पांढरा, पिवळसर फेस ओकला. बाबांनी लाल बटव्यातून चिमूटभर भस्म काढलं आणि फेसावर टाकलं. फेस चरचरला, फुगला, उसळला.

"बघा! कुणाचातरी रोग जळायलाय!"

"माझाच हाय, बाबा!" मागून एक म्हातारा म्हणाला.

"गप बसा मामा," दगडाबाई नावाची म्हातारी त्याच्यावर खेकसली. "तुमी कालच आलाव. आमी पुनवंपासून बसलोत. आधी आमचा जळंल का तुमचा?"

मी जिल्ह्याच्या दैनिकासाठी बातमी करायला गेलो होतो. चमत्काराची बातमी आमच्याकडे आधीच एकदा छापून आली होती. त्यामुळेच ही गर्दी दुप्पट झाली होती, असं एसटीच्या कंडक्टरनं मला येताना अभिमानानं सांगितलं.

खरा चमत्कार पुढे होता. शेडच्या दाराशी रांगोळीचे दोन चौकोन काढलेले. एका चौकोनात मांजर लघवीला बसायची ती माती. तिच्यावर मुंग्यांची काळी रांग लागलेली. दुसरा चौकोन रोग्यांसाठी. त्यावर काळ्या बटव्यातलं भस्म शिंपडून जमीन शुद्ध केलेली. रोग्यानं घरून लघवीचा झाकून आणलेला तांब्या त्यावर ओतायचा आणि बघत बसायचं. मुंगी येत नसे. एकही नाही. रोग्याची साखर गेली; गेली कुठे, ते शेजारच्या चौकोनात दिसतच होतं.

या भागात मधुमेह असाच कळतो. न्हाणीत मुंग्या लागल्या की माणूस दवाखान्यात जातो. सेलूचे डॉक्टरही विचारतात, मुंग्या लागतात का? त्यामुळे हे लोक आंधळेपणानं आले होते असं म्हणणं सोपं असलं तरी खरं नाही. त्यांनी परीक्षा घेतली होती, डॉक्टरांनी शिकवलेलीच. फक्त परीक्षेची जमीन बाबांची होती.

या परीक्षेत पहिली उतरलेली बाई म्हणजे कडूबाई. किशनरावची बायको, पस्तिशीची. तिला रोज दोनदा इन्सुलिनची सुई लागायची. घरात फ्रीज नव्हता. किशनराव औषधाची बाटली पाणी पाझरणाऱ्या माठात, वाटीत ठेवायचा. सुई उकळायची, बाटली हातात फिरवायची, टोचायची, हे सगळं तोच करायचा. वर्षानुवर्षं. मुंग्या आल्या नाहीत त्या दिवशी बाबांनी तिला गर्दीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "आता सुई टोचशील तर मायचा अपमान होईल." किशनरावनं घरी जाऊन सुई धुतली, पुसली आणि कोनाड्यात ठेवली.

त्या शनिवारी कडूबाई शेडच्या एका कोपऱ्यात बाजेवर पडलेली होती. सकाळपासून ओकत होती. तोंड कोरडं, श्वास खोल आणि जोरात, जणू धावत आलीय. किशनराव तिच्याच पदरानं वारा घालत होता.

"बाबा, हिला लयच उलट्या व्हायल्यात."

"व्हणारच. जुना रोग हाय, तोंडावाटं निघायलाय." लाल बटवा उघडला. "हे पाण्यात दे."

तिनं घोट घेतला, ढेकर दिली. थोडा वेळ उलटी थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर चंद्रभान वाव्हळे आले ते याच वेळी. वालूरकडच्या जनावरांच्या दवाखान्यात ते पशुवैद्य. गावात लाळ-खुरकताची लस टोचायला आले होते आणि माणसं एकाही गोठ्यात सापडत नव्हती म्हणून शेडकडे वळले. बोरखडीला त्यांची गरज नेहमी पडायची. अडलेली गाय त्यांनी मोकळी केली की गावचे मोठे शेतकरी व्यंकटराव त्यांना चहा देत. त्यासाठी एक कपबशी गोठ्याच्या वळचणीला वेगळी ठेवलेली असे. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत डॉक्टरांच्या गावी त्यांच्या वस्तीची घरं जळाली होती. याबद्दल ते बोलत नसत. व्यंकटरावही बोलत नसत.

डॉक्टरांनी आधी मांजरीकडे पाहिलं. मग बाजेकडे. कडूबाईजवळ जाऊन वाकले आणि झटक्यानं उभे राहिले.

"किशनराव, हिची सुई कधी बंद केली?"

"मायचं दर्शन झालं तवापासून."

"हिच्या तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतोय. हे रोग निघण्याचं लक्षण नाही. रक्तात विष साचतंय. आत्ताच्या आत्ता परभणीला न्या. सलाईन आणि इन्सुलिन मिळालं तर वाचेल."

शेडमध्ये कुजबुज झाली. बाबा हसले.

"हे कोन?"

"ढोराचा डॉक्टर," व्यंकटराव म्हणाले. बाबांची उतरण्याची सोय त्यांच्याकडेच होती. "वाव्हळे, तुमचं काम गोठ्यात. माणसाचं माणसाच्या डॉक्टरला बघू द्या."

"मी तेच म्हणतोय मालक. त्यांच्याकडेच न्या. तुमची जीप द्या."

"देवाच्या दारातून रोगी उठवायचा? आन कुणाच्या सांगण्यावरून?" व्यंकटराव गर्दीकडे वळले. "आता हे आपल्याला देव शिकवनार!"

लोक हसले. हसण्यात काय होतं ते सगळ्यांना कळलं, डॉक्टरांनाही. त्यांनी मान खाली घातली नाही आणि आवाजही चढवला नाही.

"बरं. माणसाचं राहू द्या. मांजर तर ढोरातच येतं ना? तिच्याविषयी बोलू का?"

"बोलू द्या की," दगडाबाई म्हणाली. "माझी म्हैस यांनीच वाचवली."

"या मांजरीला स्वतःलाच मधुमेह आहे," डॉक्टर म्हणाले. "कुणाचा ओढलेला नाही. तिचा तिला झालेला. म्हणून मुंग्या. म्हणून ही सारखी पाणी पिते. आणि वरून तुम्ही तिला पेढे घालता."

"खोटं! रोग्याच्या जागंवर मुंग्या का न्हाई येत मग?" बाबांनी विचारलं.

"तेच बघू. कुणाकडं गूळ आहे का?"

ऊसतोडीच्या टोळीतल्या पंचफुला नावाच्या बाईनं लेकराच्या हातातला खडा काढून दिला. लेकरू रडायला लागलं. डॉक्टरांनी खडा दोन केला. एक तुकडा मुंग्यांच्या रांगेशेजारी उघड्या मातीवर ठेवला, दुसरा रोग्यांच्या शुद्ध चौकोनात, भस्मावर.

सगळे वाकून बघू लागले. बाबा मोठ्यानं मंत्र म्हणू लागले. उघड्या मातीवरचा गूळ बघता बघता काळा झाला. भस्मावरचा तसाच पिवळा राहिला. एक मुंगी कडेपर्यंत आली, भस्मात शिरली, वाकडीतिकडी फिरली आणि तिथंच उलटी पडली.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाले, "या गुळातली साखरबी मायनं ओढली का?"

पंचफुलानं पदर नाकाशी लावला, वाकली आणि भस्माचा वास घेतला.

"अगं बया! ही तर कनगीतली पावडर हाय!"

बीएचसी. ज्वारी भरताना कीड लागू नये म्हणून कणगीच्या कडेनं मारतात ती. राखेत कालवलेली. एवढ्या दिवसांत कुणाला वास आला नाही याचं कारण साधं होतं. या भागातल्या प्रत्येक घराला तोच वास असतो.

"आणि लाल बटवा?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, कापलं. बाबांनी बटवा मागे ओढला, पण दगडाबाईनं म्हातारपणाला न शोभेल अशा चपळाईनं तो हिसकावला. चिमूटभर भस्मावर लिंबू पिळलं. भस्म चरचरलं, फुगलं, उसळलं.

"खाण्याचा सोडा. आंबट मिळालं की फसफसणार. मांजरीच्या उलटीत पोटातलं आम्ल असतं म्हणून फसफसतो. या लिंबाला कुणाचा रोग झालाय?"

किशनराव बाजेपाशी उभा राहिला होता. त्यानं लिंबाकडे पाहिलं, मग कडूबाईकडे. ती आता हाकेला ओ देत नव्हती.

"मालक, जीप," तो म्हणाला.

व्यंकटरावांनी लगेच जीप दिली असती तर, हे वाक्य मी नंतर पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. त्यांनी दिली, पण आधी ड्रायव्हर जेवायला गेलाय म्हणाले, मग डिझेल बघावं लागेल म्हणाले, मग बाबांकडे पाहिलं आणि बाबांची जागा रिकामी दिसल्यावर किल्ली काढली. दुधना नदीचा पूल ओलांडल्यावर कडूबाईचा श्वास मंद झाला. किशनरावला वाटलं, झोप लागली. परभणीच्या दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, ती वाटेतच गेली म्हणाले आणि विचारलं, "इन्सुलिन कुणी बंद केलं?"

किशनराव म्हणाला, "मी."

बाबा मागच्या दारानं गेले होते. ते पुन्हा सापडले नाहीत. पोलिसांनी फार शोधलेही नाहीत. मांजर मात्र राहिली. फसवणूक कळल्यावर गावानं राग काढला तो तिच्यावर. पोरं दगड मारायला लागली. वाव्हळे तिला पिशवीत घालून घेऊन गेले.

पंधरवड्यानं मी त्यांच्याकडे गेलो. मांजर खिडकीत बसली होती. परभणीला रक्त-लघवी तपासून आणली होती: मधुमेह आणि त्याच्या जोडीला मूत्रपिंडंही निकामी होत आलेली.

"मूत्रपिंडं थकली की रक्तात घाण साचते, पोटात आम्ल वाढतं," डॉक्टर सांगत होते. "रिकाम्या पोटी सकाळी फेस यायचा तो त्यामुळं. सोड्यानं घटकाभर बरं वाटतं. पण त्यातलं सोडियम, मिठात असतं तेच, त्याच थकलेल्या मूत्रपिंडांवर पडतं. उलटी थांबते, रोग आत चालूच राहतो."

"मग तुम्ही काय करता?"

"थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खायला. पाणी कायम भरलेलं. आम्ल कमी करायची गोळी अगदी कणभर, खाण्याआधी. मूत्रपिंडं औषध लवकर बाहेर टाकत नाहीत, म्हणून माणसाच्या हिशेबानं द्यायची नाही. आणि इन्सुलिन, खाल्लंय का ते बघून. बरी होणार नाही ती. पण त्रास कमी होईल. चमत्कार नाही हो यात. रोज उठून करायचं काम आहे."

दारात किशनराव उभा होता. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. कडूबाईच्या औषधाची, सील न तोडलेली.

"माठात होती," तो म्हणाला. "घरात ठेववंना. हिला चालंल का?"

डॉक्टरांनी बाटली उजेडाला धरून पाहिली. चालेल म्हणाले. त्यांनी सुई भरायला घेतली तेव्हा किशनरावनं हात पुढे केला. "द्या. मला सवय हाय."

त्यानं बाटली तळव्यांत हळू फिरवली, हलवली नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, इवलंसं औषध ओढलं. मानेमागची कातडी चिमटीत धरली. मांजर हलली नाही.

सुई काढल्यावर तो तिथंच बसून राहिला. मग डॉक्टरांच्या बायकोनं चहा आणला. किशनरावनं कपाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि प्याला. बोरखडीत कुणी बघितलं असतं तर बोललं असतं. ते ऐकण्याच्या पलीकडे तो गेला होता.

मांजर दिवाळीपर्यंत जगली. मांजरीला औषध, वेळेवर अन्न आणि शुद्धीवरचा माणूस मिळाला. कडूबाईला यातलं सगळं आधीपासून मिळत होतं. ते आपण काढून घेतलं. आपण म्हणजे बाबांनी, व्यंकटरावांनी, टाळ्या वाजवणाऱ्यांनी आणि पहिली बातमी छापणाऱ्या आमच्या दैनिकानं. खरं सांगणारा माणूस त्या सकाळी शेडमध्ये उभा होता. त्याची जात माहीत होती म्हणून त्याचं म्हणणं उशिरा ऐकलं गेलं. ही अंधश्रद्धा भस्माहून जुनी आहे आणि तिनंही त्या दिवशी एक बळी घेतला.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. चालू असलेलं औषध कुणाच्याही शब्दावर बंद करू नका. उलट्या होत असतील तर मुळीच नको, आधी दवाखाना गाठा. आणि कुणी जमीन शुद्ध करून तिच्यावर चमत्कार दाखवायला लागला, तर लेकराच्या हातातला गुळाचा खडा मागा आणि त्या जमिनीवर ठेवा. लेकरू रडेल. रडू द्या.