नदी आटली त्या सकाळी

नऊ वर्षांपूर्वी थोरल्याने वडिलांची नाव परस्पर विकली, तेव्हापासून धाकट्याने त्याचं नाव टाकलं होतं. थोरला नदीपलीकडे राहायचा. मधे मुखाजवळचं रुंद पाणी होतं, त्यामुळे अबोला पाळणं सोपं गेलं.

धाकटा पेशाने सुतार. त्या सकाळी ओहोटी एवढी खोल लागली, की नदीची नुसती चांदीची दोरी उरली. धुकं दुधासारखं सांडलेलं. खांद्यावर जाळं टाकून तो आत चालत गेला. पाण्याचा आवाज नाही, पक्ष्याचा नाही. आपण जागे आहोत की झोपेत चाललोय, हेच त्याला कळेना.

घोटाभर पाण्यात बोई मासे चमकले. त्याने जाळं भिरकावलं. ते जड झालं, त्याने जोर लावला, आणि पाय गुडघ्यापर्यंत गाळात गेले. मग मांडीपर्यंत.

"हिसके देऊ नकोस! मागे रेल."

धुक्यात एक आकृती होती. एक खांदा खाली पाडून उभं राहायची ती ढब त्याने लगेच ओळखली. थोरल्याने आपली माशांची रुंद पाटी गाळावर उपडी घातली, तिच्यावर पालथा पडला आणि जाळ्याची दोरी धरून ओढू लागला. मासे केव्हाच निसटले. बऱ्याच वेळाने धाकटा सुटला आणि थोरल्यामागोमाग पलीकडच्या, त्याच्या काठाला लागला. तेवढ्यात भरतीचं पाणी मागे पसरलंसुद्धा.

दोघे चिखलाने माखून धापा टाकत बसले.

"नाव का विकलीस, दादा?"

"तळ कुजला होता तिचा. तू तिच्यातून समुद्रात गेला असतास. सांगून ऐकणाऱ्यातला आहेस का तू?"

"अरे, मी सुतार आहे! तळ बदलून दिला असता."

"खरंच की," थोरला हळूच म्हणाला. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं."

घरी वहिनीने दार उघडलं, दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "आधी पाय धुवा. भांडण नंतर करा."

"झालं भांडून," थोरला म्हणाला.

पुढच्या ओहोटीपर्यंत परतीची वाट नव्हती. धाकटा दादाचा सैल सदरा घालून खिडकीशी आडवा झाला. आतून दादा-वहिनीचं कुजबुजणं ऐकू येत होतं. खाली पाणी गाळावरून अलगद चढत होतं, आणि त्याचे डोळे मिटत गेले.